तीन चौकांनीं तोंड मिटलें त्याची बखर

श्री.

जिणें माणसाचे जिभेपुढें ओठांचीं दोन कवाडें बसविलीं आणि त्यांची किल्ली माणसापाशींच ठेविली, त्या देवतेस आधीं साष्टांग नमस्कार. शके सोळाशें अठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, फाल्गुन मास. साहेबीं पुसिलें कीं, तुमचे दौलतींत रयतेनें हत्यार न उचलितां हुजुरांस कैसें नमविलें, तें साद्यंत लिहोन पाठवावें. त्यास, लेखक त्या समयीं दफ्तरखान्यांत कारकून होता आणि दवंडीचे मागें दऊत घेऊन हिंडत होता, म्हणोन जें कानीं ऐकिलें आणि डोळां देखिलें तेंच लिहितो. दौलतीचें नांव लिहीत नाहीं आणि आपलेंही लिहीत नाहीं. मान एकच आहे आणि ती अद्याप खांद्यांवर बरी दिसते.

तर या दौलतीचे मूळपुरुष मोठे सत्त्वाचे. त्यांचे कारकीर्दींत एकदां ऐसें जाहलें कीं, नदीपार जाऊं नये ऐसा हुकूम निघाला, तो एका खेड्यास पोंचलाच नाहीं, आणि त्या खेड्याचे सात जण नदीपार गेले म्हणोन त्यांचीं डोकीं मारिलीं. मागाहून कळलें कीं बिचाऱ्यांनीं हुकूम ऐकिलाच नव्हता. मूळपुरुष तीन दिवस जेवले नाहींत, आणि चौथे दिवशीं वाड्याचे दरवाज्याशेजारीं काळी शिळा उभी करवून तिजवर अक्षरें कोरविलीं कीं, "जें रयतेनें ऐकिलें नाहीं, तें फर्मान नव्हे." आणि रीत घालोन दिली ती ऐसी: कोणताही हुकूम निघाला कीं शहरचे तीन चौक, म्हणजे धान्यचौक, कासारचौक आणि वेशीचौक, येथें नगारा वाजवावा, दवंडीवाल्यानें हुकूम पुकारावा, आणि त्या त्या चौकाचे निदान एका रहिवाशानें मोठ्यानें "ऐकलें जी" म्हणावें, मग कारकुनानें कागदावर "श्रुत" ऐसा शेरा मारावा. तीन चौकांचे तीन शेरे पडले म्हणजे हुकूम पक्का, एक जरी उणा तरी कागद कोरा. रहिवाशी कोण, तर ज्यानें लागोपाठ तीन दिवस त्या चौकाचे आडाचें पाणी प्यालें तो. गादीवर बसतांना धनी शिळेवर हात ठेवून शपथ घेतो, आणि जो ही रीत मोडील त्याची गादी चुलतघराण्याकडे जाते, ऐसा करार. आणि चुलतघराणें सरहद्दीवर टपोनच बसलेलें. शंभर वर्षें रीत चालली, आणि चालतां चालतां तिचा जीव गेला. लोक भाजी निवडतां निवडतां, हजामत करवितां करवितां, न ऐकतांच "ऐकलें जी" म्हणों लागले. लेखकानें बावीस वर्षें त्या नगाऱ्यामागें पायपीट केली, टाचांस भेगा पडल्या, आणि खरें सांगावें तर तोही न ऐकतांच शेरे मारीत होता.

मग चवथे पिढीस जे हुजूर गादीवर आले, त्यांणीं पाहिलें कीं रयत कशासही होय म्हणते, आणि त्यांस हुकुमांची चटकच लागली. एके वर्षीं हुकूम कीं, दिवसां कोणीं दार लावूं नये, आंतील बोलणें हेरांस ऐकूं यावें. ऐकलें जी. दुसरे वर्षीं हुकूम कीं, चौघांहून अधिक माणसांनीं एके ठिकाणीं हसूं नये. ऐकलें जी. ज्यांणीं कुरकुर केली ते किल्ल्यावर गेले, आणि परत आले त्यांचे तोंडांत दांत नव्हते. मग या वर्षीं हुकूम निघाला कीं, शहरचे मोठे तळ्याचें पाणी वाड्यांतील कारंजीं आणि हुजुरांचीं परदेशी बदकें यांजकडे वळवावें, रयतेनें आडांवर भागवावें. दवंडी देणारा येसनाक. त्याचा आवाज ऐसा कीं पुकारूं लागला म्हणजे वेशीबाहेरचीं गुरें चरावयाचीं थांबत. त्यानें वेशीचौकांत पुकारिलें, कोणी तरी "ऐकलें जी" म्हटलें, लेखकानें शेरा मारिला, आणि नगारा उचलणार तों एक माणूस मागावरून उठोन दारांत आला आणि साधेपणीं बोलिला, "ऐकलें, पण पटलें नाहीं." हा हैबती साळी. वय पस्तीस, अंगानें काटकुळा, कोणाचे अध्यांत ना मध्यांत. शिवी दिली नाहीं, मूठ उगारिली नाहीं, एवढेंच म्हणाला आणि पुन्हां मागावर जाऊन बैसला. लेखकाचा बोरू तेथेंच अडखळला, कारण ऐसे उत्तरास दफ्तरांत रकानाच नव्हता. चौकांतील लोकांनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि सर्वांचे मनांत एकच आलें कीं, अरे, ऐसेंही म्हणतां येतें होय!

हें वर्तमान वाड्यांत गेलें तों हुजुरांचे तळपायाची आग मस्तकास गेली. म्हणाले, "पटलें नाहीं? त्याला पटवून कोण घेत होतं?" आणि त्याच संध्याकाळीं हैबतीस मुसक्या बांधोन किल्ल्यावर नेलें, आणि हुकूम लिहविला कीं यास कड्यावरून लोटावा. परंतु देहदंडाचाही हुकूम तो हुकूमच. त्यासही तीन चौकांचें "ऐकलें जी" पाहिजे. दिवाण हरबाजीपंत हंसोन बोलिले, "त्याची काळजी नसावी, आमची रयत फार गुणाची आहे." आणि दवंडी दुसरे दिवशीं देण्याचें ठरलें. तेव्हां हैबतीची बायको सगुणा, तिणें पदर खोचिला आणि सकाळींच घरोघर फिरों लागली. दारें हुकुमानें उघडींच होतीं, तिला ठोठावावें लागलें नाहीं. लेखकाचे घरींही आली. लेखकाची बायको म्हणाली, "अगं, आम्ही बायामाणसं काय करणार? आमच्यात कुठली आलीय लढाई?" त्यास सगुणा बोलिली, "वैनी, म्या काही तलवार मागाया आले न्हाई. पैका न्हाई, साक्ष न्हाई. नगारा वाजला की बोलू नका, एवढंच. तुमचं एक 'ऐकलं जी' म्हंजे माझ्या धन्याच्या पाठीवर एक हात. तीन हात लागले की तो खाली." ऐसें बोलोन ती रडली नाहीं, पुढचे घरीं गेली. लेखक आंतले खोलींत पोथीआड तोंड लपवोन बैसला होता. आपण तो शेरा मारणारा हात, हें तिला ठाऊक असोन ती लेखकाविषयीं एक अक्षर बोलिली नाहीं. त्यानें फार झोंबलें.

मग नगारा पडला. आधीं धान्यचौक. येसनाकानें पुकारिलें कीं, ऐका हो ऐका, हैबती साळी यानें हुजुरांचे फर्मानास पटलें नाहीं म्हटलें, सबब त्याचा कडेलोट, रयतेनें ऐकावें. आणि येसनाक थांबला. आणि कोणी बोलेना. साहेब, लेखकानें तोफा ऐकिल्या आहेत, हत्ती पिसाळलेला ऐकिला आहे, परंतु तैसी शांतता कधीं ऐकिली नव्हती. दोनशें माणसें उभीं, आणि एके दुकानीं तराजू हालत होता त्याची कडी तेवढी वाजली. कोणी आभाळ पाहतो, कोणी नखें पाहतो, एक म्हातारी पदर तोंडांत कोंबोन उभी. दिवाणांनीं खूण केली, येसनाकानें पुन्हां पुकारिलें, मग तिसऱ्यांदां पुकारिलें, आणि चिडीचूप. कासारचौकीं तेंच आणि वेशीचौकीं तेंच. लेखक कोरा कागद घेऊन वाड्यांत परतला, आणि त्यास ऐसें वाटत होतें कीं बावीस वर्षांत आज पहिल्यानें दवंडी ऐकिली. हुजूर गर्जले कीं, शेरा गेला खड्ड्यांत, लोटा त्याला. तेव्हां कड्यावरचा लोटणारा, जो आजवर कोणाचें काहीं ऐकत नसे, तो हात जोडोन बोलिला, "मायबाप, चिठ्ठीवर श्रुत नाही. बिनश्रुताचा लोटला तर तो कडेलोट नव्हे, खून. उद्या चुलतमहाराज आले तर आधी मलाच ढकलतील." आणि चुलतमहाराजांचें नांव निघतांच हुजुरांनीं पाणी मागविलें.

येथून अठरा दिवस हें चाललें. रोज नगारा, रोज पुकारा, रोज शांतता. वाचणारास वाटेल कीं गप्प बसणें सोपें. त्यानें एकदां भाल्याचें टोंक बरगडीस लावून घेऊन बसोन पाहावें. तिसरे दिवशीं शिपायांनीं रायबा रंगारी यास चौकाचे मध्यें आणोन "म्हण ऐकलें जी" म्हणोन काठ्या घातल्या. रायब्यानें ओठ ऐसे मिटले कीं ते पांढरे पडले, आणि डोकीस घाव बसला आणि तो तेथेंच गेला. चोवीस वर्षांचा होता, हात मनगटांपर्यंत निळेचे. त्याचे आईनेंही सर्वांदेखत हंबरडा फोडिला नाहीं, भिंतीशीं टेकोन नुसती हालत राहिली. हें लिहितांना लेखकाचे डोळे भरतात, तरी लिहितो, कारण पुढें जे आनंदाचे दिवस आले त्यांचें मोल कोणीं दिलें तें दफ्तरीं राहावें. त्याच दुपारीं रंगाऱ्यांचे तरणे गडी खवळले. कासारचौकाचे कोपऱ्यांत गाडीभर खडी पडलेली होती, तिजकडे धांवले. तेथें सगुणा आडवी उभी राहिली. म्हणाली, "ही खडी कालपातुर इथं होती का? कुणी टाकली? डोळं उघडा!" आणि खरेंच, ती हरबाजीपंतांनीं पहांटेस टाकविली होती, कारण दंगा जाहला म्हणजे दवंडी लागत नाहीं, सरळ बार काढितां येतो, ऐसी एक पळवाट कायद्यांत होती. सगुणा म्हणाली, "दगड मारलात की गोळी येईल, आन गोळीला कुणाच्या ऐकलं जी ची गरज न्हाई. रायबानं तोंड मिटून जीव दिला, तुम्ही ते उघडून वाया घालवू नका." एक गडी दगड हातांत घेऊन लहान मुलासारखा रडला, आणि मग खाली ठेविला.

मग दिवाणांनीं दुसरा डाव टाकिला. धान्यचौकाचे केसोशेट उदमी यांस मानाची पालखी देऊं केली, आणि नवव्या दिवशीं केसोशेटांनीं दुकानाचे आंतून, डोळे मिटोन, "ऐकलें जी" म्हटलें. एक शेरा पडला. लोकांनीं केसोशेटांस शिवी दिली नाहीं कीं दगड मारिला नाहीं. फक्त त्यांची पालखी उचलावयास भोई मिळेना, ती आजही दारांत उभी आहे आणि तिच्यांत कोंबडीं बसतात. आणि अकरावे दिवशीं जें जाहलें तें याहून वाईट. कासारचौकीं गणशेट कासार म्हणोन ऐशीं वर्षांचे म्हातारे, सगुणेचे कळवळ्याचे, रोज सर्वांचे पुढें उभे राहोन तरण्यांस दटावणारे कीं, खबरदार, तोंड उघडाल तर. त्या दिवशीं ऊन बरें पडलें होतें, म्हातारबोवांस उभ्या उभ्या डुलकी लागली, नगारा पडला, पुकारा संपला, आणि साठ वर्षांचे संवयीनें त्यांचे तोंडांतून खणखणीत निघालें, "ऐकलें जी!" सारा चौक त्यांचेकडे वळला. गणशेटांनीं दोन्ही हात तोंडावर मारिले, परंतु शब्द तो गेला. लेखकास शेरा मारावा लागला. अक्षर वांकडें आलें. म्हातारे तसेच चालत सगुणेचे दारीं गेले आणि उंबऱ्यावर डोकें आपटूं लागले. तिचें तोंडचें पाणी पळालें होतें, तरी तिणें त्यांस उठविलें आणि म्हणाली, "आबा, जीभ तुमची, पण सवय त्यांनी लावलेली. उठा. अजून एक चौक हाय." आतां वेशीचौक तेवढा उरला, आणि त्यांत निम्मीं घरें हैबतीचे भाऊबंद साळी.

वेशीचौक कांहीं केल्या फुटेना, तेव्हां हरबाजीपंतांचे डोक्यांत ती युक्ति आली, जी या दौलतीखेरीज दुसरे कोणाचे डोक्यांत येती ना. त्यांणीं शिळेचा करार काढोन वाचिला कीं, तीन दिवस पाणी प्याला तो रहिवाशी. मग हुकूम सोडिला कीं वेशीचौकाचे आडाचें पाणी पखालींतून वाड्यांत आणावें, आणि वाड्यांतील चारशें माणसांनीं, आचारी, हुजरे, चोपदार, मोतद्दार, पहारेकरी, सर्वांनीं तीन दिवस तेंच प्यावें. चवथे दिवशीं त्यांस वेशीचौकांत उभें करावें आणि रहिवाशी म्हणोन त्यांचे तोंडून वदवावें. खासा हुजूरही तेंच पाणी प्याले, कीं न जाणो, कमी पडावयास नको. आणि ऐन वेळीं कोणी घुटमळूं नये म्हणोन वाड्याचे आंगणांत रोज तीन वेळ तालीम मांडिली. नगारा पडावा, पुकाऱ्यानें कांहीं एक बोलावें, आणि बोलणें संपतांच चारशें जणांनीं एका दमांत "ऐकलें जी" करावें. काय पुकारिलें याचा विचार करूं नये. जो मागें राहील त्यास कोरडा. पहिल्या दिवशीं बरेच कोरडे पडले. दुसऱ्या दिवशीं थोडे. तिसऱ्या दिवशीं एकही नाहीं. आचाऱ्याचे हातून झारा पडला तरी लोक "ऐकलें जी" म्हणोन उठत. हुजूर सज्जांत उभे राहोन ताल धरीत आणि सर्वांहून मोठ्यानें स्वतः ओरडत. त्यांस त्या खेळाची मोठी गोडी लागली.

लेखकानें हें पाहिलें, आणि उद्यां हैबती मरणार हें उघड होतें. आणि लेखकापाशीं एक गोष्ट होती, ती बावीस वर्षें मूग गिळोन त्यानें पोटांत ठेविली होती. ती काळी शिळा वाड्याचे भिंतीस हातभर अंतर ठेवोन उभी आहे, तिची पाठ कोणी पाहत नाहीं. परंतु दफ्तरांत मूळ नक्कल आहे आणि ती लेखकानें नोकरीचे पहिल्याच वर्षीं वाचिली होती. पाठीवर ऐसें कोरिलें आहे कीं, "रयतेनेंही वाड्याचे दारीं दवंडी द्यावी, आणि वाड्यांतून 'ऐकलें जी' आलें, तर तेंही फर्मानच." मूळपुरुषांनीं कायदा दोन्ही बाजूंनीं घालोन ठेविला होता, आणि आम्हीं दफ्तरवाल्यांनीं एक बाजू भिंतीकडे करोन ठेविली. तर लेखक त्या दुपारीं नक्कल अंगरख्यांत लपवोन सगुणेचे घरीं गेला. तेथें येसनाकही बसला होता, ओसरीवर नव्हे, आंगणांत. लेखकानें वाचोन दाखविलें. सगुणेनें विचारिलें, "इतकी वर्सं ठाऊक होतं तुमास्नी?" लेखक म्हणाला, "होय." ती म्हणाली, "बरं." त्या एका शब्दानें लेखकास जें वाटलें तें कोरड्यानेंही वाटलें नसतें.

मग दवंडींत काय पुकारावें हें ठरवावयास वेशीचौकांत लोक जमले, आणि साहेब, आपली माणसें तीं आपलीं माणसें! ज्याचें त्याचें म्हणणें निराळें. कोणी म्हणे हुजुरांस गाढवावर बसवा, कोणी म्हणे कोतवालास बदला, एक न्हावी म्हणे राजवाड्याची हजामत आमचेच घराण्याकडे असावी. दोन घटका कल्लोळ चालला, आणि लेखकास भय वाटलें कीं जें भाल्यांनीं मोडलें नाहीं तें आतां भांडणानें मोडतें. शेवटीं सगुणा म्हणाली, "तीनच गोष्टी. माझा धनी सोडा. तळ्याचं पाणी रयतेला. आन पटलं नाही म्हणणं हा गुन्हा नव्हे." तेव्हां येसनाक उठला. म्हणाला, "नगारा मी वाजवीन, मान गेली तरी वाजवीन. पण बाई, तिन्ही चौकांत आवाज माझा, आणि पाणी एकाही चौकाचं नाही. अठरा दिवस तुम्ही सगळे गप्प बसलात म्हणून मोजले गेलात. मी गप्प बसलो असतो तरी कुणाच्या मोजदादीत नव्हतो. पाणी रयतेला म्हणताय, तर वेशीबाहेरच्या रयतेलाही, असं लिहा. मग वाजवतो." चौकांत कुजबुज जाहली. कांहींचीं तोंडें वांकडीं जाहलीं, लेखकाचेंही जाहलें असेल, खोटें कां सांगावें. गणशेट कासार, जे त्या दिवसापासोन एक शब्द बोलिले नव्हते, ते पुढें आले आणि लेखकाचे हातांतील कागदावर बोट ठेविलें कीं, लिहा. आणि सगुणा म्हणाली, "लिहा." मग लेखकानें लिहिलें.

दुसरे दिवशीं सूर्य कासराभर वर आला, वाड्यांत चारशें माणसें वेशीचौकास नेण्याकरितां आंगणांत रांगांनीं उभीं केलीं होतीं, शेवटची तालीम व्हावयाची होती, हुजूर सज्जांत आले होते. आणि तिन्ही चौकांतून लोक निघाले. कोणाचे हातीं काठी नाहीं, कोणाचे तोंडीं शब्द नाहीं. सहा हजार माणसांचीं पावलें तेवढीं वाजत होतीं. बंदुकवाल्यांनीं बंदुका रोंखिल्या. पुढें सगुणा, तिचे शेजारीं रायब्याची आई, आणि दोघींचे मध्यें येसनाक नगारा घेऊन. बंदुकवाल्यांचे जमादारानें विचारिलें, "काय पाहिजे?" कोणी उत्तर दिलें नाहीं, दिलें असतें तर कदाचित् बार निघाला असता. येसनाक शिळेपाशीं जाऊन उभा राहिला आणि त्यानें नगाऱ्यावर टिपरी घातली. आंतल्या चारशेंनीं पाठी ताठ केल्या. येसनाकानें पुकारिलें, "ऐका हो ऐका! हैबती साळी यास आज सोडावें! तळ्याचें पाणी सर्व रयतेचें, वेशीच्या आंतील आणि वेशीबाहेरील! आणि हुजुरांचें बोलणें पटलें नाहीं म्हणणें, हा या दौलतींत गुन्हा नव्हे! वाड्यानें ऐकावें!" आणि नगाऱ्यावर शेवटची टिपरी पडली, तोंच आंतून चारशें कंठांचा एकच गजर जाहला, "ऐकलें जी!" भिंतींवरचीं पांखरें उडालीं. आणि त्या चारशेंचे वर, सज्जांतून, सर्वांहून खणखणीत एक आवाज आला, तो खासा हुजुरांचा.

मग जी शांतता पडली ती रयतेची नव्हती, वाड्याची होती. आचारी चोपदाराकडे पाहतो, चोपदार मोतद्दाराकडे, आणि हुजूर आपलेच तोंडाकडे बोट नेऊन उभे. लेखक दऊत घेऊन पुढें आला, कागद शिळेवर ठेविला, आणि सर्वांदेखत "श्रुत" लिहिलें. बावीस वर्षांत तैसें सुंदर अक्षर लेखकाचे हातून उतरलें नव्हतें. हरबाजीपंत धांवत आले आणि ओरडले कीं, हें लागू नाहीं, हीं माणसें तीन दिवस वेशीचौकाचें पाणी प्यालीं, तीं आतां वाड्याचीं नव्हेत! तेव्हां लेखकाचे अंगांत कोठून बळ आलें कोण जाणे, तो बोलिला, "दिवाणसाहेब, पाणी हुजूरही प्याले. ते वेशीचौकाची रयत झाले असतील तर गादीवर कोण बसलं आहे, तेवढं सांगा, म्हणजे तसं लिहितो." हुजूर किंचाळले, "गोळ्या घाला!" जमादारानें वर पाहिलें, मग आपले लोकांकडे पाहिलें, मग बंदूक जमिनीस टेकविली आणि म्हणाला, "महाराज, श्रुत जाहलें. आम्हीही बोललों, आपणही बोललांत." आणि एकामागून एक साऱ्या बंदुका जमिनीस टेकल्या. तेव्हां रायब्याचे आईनें हंबरडा फोडिला, जो तिणें पंधरा दिवस छातींत दाबोन ठेविला होता, आणि मग सहा हजारांचा आवाज उठला, तो किल्ल्यापर्यंत गेला.

पुढील वर्तमान आधींच लिहितों. हुजुरांनीं आणखी महिनाभर गादीवर बसोन पाहिलें. जो हुकूम काढावा त्यास तिन्ही चौकांतून एकच उत्तर येई, "ऐकलें, पण पटलें नाहीं," आणि तें बायका, पोरें, म्हातारे, सर्व म्हणत, आणि दफ्तर तें लिहोन घेई. अखेर पौषांत हुजूर कंटाळोन बदकें घेऊन सासुरवाडीस गेले, हरबाजीपंत बदकांचे मागें गेले. मग चुलतमहाराज फौजेनिशीं गादी मागावयास आले, तेव्हां गणशेटांनीं वेशींत उभें राहोन त्यांस सांगितलें, "यावं महाराज, पण आधी शिळेच्या दोन्ही बाजू वाचाव्या." शिळा आतां भिंतीपासोन काढोन चौकांत आणिली आहे. नवे धनी बरे आहेत. आज बरे आहेत, एवढेंच लेखक लिहितो. तळ्यावर वेशीबाहेरचे पहिले घागरीस दोन दिवस वाद जाहला, आणि तिसरे दिवशीं येसनाकानें स्वतः जाऊन ओंजळीनें पाणी प्यालें, आणि वाद मिटला. सर्व मिटलें ऐसें लेखक म्हणत नाहीं.

आतां त्या दिवसाची एक गोष्ट राहिली. तिसरे प्रहरीं हैबतीस किल्ल्यावरून आणिलें. दाढी वाढलेली, दोन दांत गेलेले, चालतांना एक पाय ओढीत होता. वेशीचौकांत सारे लोक उभे, परंतु अठरा दिवसांची संवय, कोणाचे तोंडून शब्द फुटेना. सगुणा पुढें जाहली. जी अठरा दिवस रडली नव्हती, ती नवऱ्याचे छातीवर मुठी मारमारोन रडली आणि म्हणाली, "ऐका माझं. पुन्हा म्हणून असं तोंड उघडायचं न्हाई. ऐकलं का?" हैबतीनें तिच्याकडे पाहिलें, शिळेकडे पाहिलें, सर्व लोकांकडे पाहिलें, आणि दांत गेलेल्या तोंडानें हळूच म्हणाला, "ऐकलें, पण पटलें नाहीं."

आणि चौक हंसला. चौघांहून पुष्कळ अधिक माणसें एके ठिकाणीं हंसलीं.

एवंच, या दौलतीचें वर्तमान येणेंप्रमाणें. त्या दिवसापासोन दफ्तरांत "श्रुत" याचे शेजारीं दुसरा रकाना आंखिला आहे, "पटलें" किंवा "न पटलें." त्या रकान्यांत पहिलें नांव रायबा रंगारी याचें, लेखकानें आपले हातें लिहिलें. वाचणारानें मोठ्यानें वाचावें.